साहेब फाट्यावर आलेत

बेंगळुरू, ३ एप्रिल २०२५

ती. आप्पांस,
समृद्धीचा सा. नमस्कार वि. वि.

फोनवर आपल्या दोघांचाही आवाज चढतो, म्हणून लिहिते. कासुर्डीला आपल्या प्रगतीच्या लग्नात जे पाहिले त्याची अजून शिसारी येते. मुहूर्त कधीच टळला होता, नवरी घामाने निथळत उभी, आणि माईकवर पुढाऱ्यांचे सत्कार चाललेले. ती चक्कर येऊन खाली बसली, तर निवेदक म्हणाला, साहेब येईस्तवर कुणी हलायचं न्हाई.

मी इथे अंतराळयानाचे घड्याळ तपासते. ते बसवले की खोल अवकाशात यान स्वतःची जागा स्वतः ओळखेल, दर वेळी पृथ्वीला विचारायला नको. त्यात सेकंदाचा लाखावा भाग चुकला तरी अंतर तीन किलोमीटरने चुकते. आप्पा, माझे लग्न तरी वेळेवर लावा. बाकी काही मागत नाही.

रागवा, पण माया आटू देऊ नका.
तुमची समृद्धी


वडगाव रासाई, ११ एप्रिल

चि. समृद्धीस,
मारुतरावाचे अ. उ. आ.

पत्र वाचून डोकं फिरलं. तुझ्या यानाला भाऊबंद नाहीत की निवडणूक नाही. मला यंदा साखर कारखान्याच्या पॅनलमध्ये यायचं आहे. साहेबांचं नाव पत्रिकेत छापून झालं. ते आल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत. सत्यजीतरावांच्या घरचे काही बोलत नाहीत, नवरी मुलगी मात्र बापाला वेळ शिकवते. वीट आला मला याचा.

तुझी आई म्हणते, वाळली असशील, नीट जेवत जा. आशीर्वाद आहेतच, हट्ट तेवढा सोड.
आप्पा


वडगाव रासाई, १९ मे

चि. सौ. समृद्धीस,
अ. उ. आ.

पाठवणीला माझ्याशी बोलली नाहीस, बरोबरच केलंस. काय झालं ते माझ्याकडून ऐक. तुझ्या आईनं निवेदकाच्या हातून माईक ओढून गुरुजींना दिला, तेव्हा मी हार घेऊन मांडवाच्या दारात होतो. मंगलाष्टका ऐकू येत होत्या. तेवढ्यात साहेबांच्या माणसाचा फोन आला, आप्पा, साहेब फाट्यावर आलेत, दारातच थांबा. मी थांबलो. बँड वाजला तरी थांबलो. मग गाडी आली आणि काचसुद्धा खाली न करता दौंडकडे निघून गेली.

आता कारखान्याचं नावसुद्धा नकोसं झालंय. त्याहून जास्त किळस माझी मलाच येते. अंतरपाट धरलेला असताना तू दोनदा दाराकडे पाहिलंस, असं तुझी आई सांगते.

माझ्या वाटच्या अक्षता सदऱ्याच्या खिशात तशाच आहेत. सत्यजीतरावांना घेऊन ये. दोघांच्या डोक्यावर टाकू देशील का?

तुझा,
आप्पा