हत्तीने पिऊन टाकलेली आंघोळ

माउन,
ऑक्टोबर, उकाड्याचे दिवस

थोरल्या दादाला, त्याच्या दोन्ही गुडघ्यांसकट, धाकटीचा वाकून नमस्कार.

कसा आहेस? वहिनी कशी आहे? तिच्या कोंबड्या, तुझी ती एका शिंगाची गाय आणि शेजारच्या म्हाताऱ्याशी चाललेलं तुझं कुंपणाचं भांडण, सगळं खुशाल असेल अशी आशा आहे. आम्ही इकडे मजेत आहोत. (म्हणजे मी मजेत आहे. हे सारखे भिंतीकडे तोंड करून बसलेले असतात, पण जेवतात व्यवस्थित.) फोन केला असता, पण फोनवर तुला काही ऐकू येत नाही आणि वहिनीला नको तेवढं ऐकू येतं, म्हणून पत्र. कारण विशेष असं काही नाही, सहज आठवण आली.

तर दादा, आम्ही बोनोलोच्या सफारी कॅम्पात पाहुणे म्हणून राहून आलो. तुझी भाची आता तिथली धाकटी मॅनेजर आहे. (मुलीचं नाव बोनोलो, म्हणजे सौम्यपणा, ठेवा असं तूच सुचवलं होतंस. तिला एकदा स्वयंपाकघरात ओरडताना ऐक आणि मग तुझ्या दूरदृष्टीचा विचार कर.) हंगाम संपत आला की रिकामे तंबू कामगारांच्या आईबापांना राहायला देतात, तशी तिची पाळी आली. हे आधी म्हणाले, मी जन्म ट्रकमध्ये काढला, नाता गावच्या रस्त्यावर रोज हत्ती पाहिले, आता ते पाहायला विमानात कशाला बसू? मग त्यांना कळलं की जेवण दिवसातून पाच वेळा असतं. दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडे जाऊन आले.

विमान म्हणजे आपल्या मिशनच्या जुन्या जीपला पंख लावले तर जे होईल ते. त्यात फक्त मऊ पिशव्या चालतात, आणि हे आपली लोखंडी ट्रंक घेऊन आलेले. शेवटी ट्रंक माउनलाच ठेवून कपडे मक्याच्या पिठाच्या पोत्यात भरले. धावपट्टीवर बोनोलो कडक इस्त्रीच्या गणवेशात उभी, आणि तिचा बाप खांद्यावर पोतं घेऊन उतरतोय. शेजारी एक हॉलंडचं म्हातारं जोडपं उतरलं, ते यांच्याकडे फार आदराने पाहत होतं. आपली कॅम्पातली माणसं स्वागताचं गाणं म्हणायला लागली. त्यातली पुढची बाई निघाली यांच्या चुलतबहिणीची सून. यांनी गाणं मध्येच थांबवून तिच्या घरच्या एकेकाची चौकशी सुरू केली. दोन मयती आणि एक बाळंतपण होईपर्यंत डचांना वाटत होतं की हाही गाण्याचाच भाग आहे. मग थंडगार ओले रुमाल आले. लोकांनी हात पुसले. यांनी तोंड पुसलं, मान पुसली, काखा पुसल्या, बूट पुसले आणि रुमाल घडी करून परत दिला.

तंबूचं काय सांगू! तंबू कसला, आपल्या चर्चपेक्षा मोठा. पलंगावर इतक्या उशा की झोपायला जागा करायची तर निम्म्या खाली ठेवाव्या लागल्या, आणि मग पहाटे मी त्यांना अडखळून पडले. संध्याकाळी उघड्या गाडीतून फिरायला नेलं. दादा, या लोकांचं मला नवल वाटतं. जो पाणघोडा दिसला की आपण होडी सोडून गवतात पळतो, त्याच्याजवळ ते गाडी थांबवून चहा पितात. सिंह दिसला तेव्हा सगळे श्वास रोखून बसले, आणि यांनी भर आवाजात विचारलं, बंदूक कुठाय? रानडुकरीण पिल्लांना घेऊन शेपट्या ताठ करून पळाली, तर डच बाईंनी डोळे पुसले आणि यांनी ओठ पुसले. गाडी चालवणारा आमचा वाटाड्या, मोआगी त्याचं नाव, सेरोंगाकडचा मुलगा आहे. त्याने मागे वळून हळूच यांना सांगितलं, "बाबा, मलाही भाजलेलंच आवडतं, पण यांच्यासमोर नको." मला मुलगा तिथेच आवडला.

नुसता मला आवडून उपयोग नव्हता, हे रात्रीच्या जेवणाआधी समजलं. बोनोलोने मला भांडाराच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि टोमॅटोच्या पेट्यांवर बसून सांगितलं की तिचं मोआगीशी जमलंय, दोन्ही बाजूंनी पक्कं आहे, आणि मुळात आम्हाला बोलावलं ते याच्यासाठीच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (तिथे कांदेही होते.) मी विचारलं, बाबांना कधी सांगायचं? ती म्हणाली, परतीच्या विमानात तूच सांग, तिथून त्यांना उतरता येणार नाही. बेत चांगला होता.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी यांना टबात बसायची हौस आली. तंबूच्या मागे लाकडी ओटा आहे, समोर सगळं पाणी आणि लव्हाळी, आणि ओट्याच्या मधोमध हा एवढा पांढरा टब, वर आभाळ. यांनी उभ्या आयुष्यात बादलीशिवाय आंघोळ केलेली नाही. टब काठोकाठ भरला, साबण नंतर लावू म्हणाले, आणि गळ्यापर्यंत पाण्यात शिरून जुनी ट्रकवाल्यांची गाणी म्हणायला लागले. मी आत उशांवर पडले होते. गाणं एकदम थांबलं. मला वाटलं झोप लागली. मग यांचा आवाज आला, अगदी बारीक, लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं नाव घेऊन.

बाहेर डोकावले तर ओट्याला टेकून हत्ती उभा. त्याची सोंड टबात, यांच्या गुडघ्यांच्या मधे. उन्हाने आटून चिखल झालेलं समोरचं पाणी सोडून बिचारा स्वच्छ पाणी प्यायला आला होता. नाताच्या रस्त्यावर हॉर्न वाजवून यांनी किती हत्ती पळवले ते तू शंभरदा ऐकलंयस. इथे हॉर्न नव्हता, म्हणून यांनी तोंडाने वाजवला. "पोंऽऽ!" हत्तीने कान हलवले आणि आणखी एक सोंडभर पाणी ओढलं. दादा, सोंडेत किती पाणी मावतं ते तोपर्यंत मला माहीत नव्हतं. पाणी खाली खाली जाऊ लागलं आणि हे वर वर दिसू लागले. आधी छाती उघडी पडली, मग पोटाचं बेट. टॉवेल खुंटीवर, खुंटी हत्तीच्या पलीकडे. मी एक उशी फेकली, ती हत्तीने बाजूला सारली. (चिडला नाही. मला तर तो सभ्य वाटला.)

माझी किंकाळी ऐकून पायवाटेने धावत आला तो नेमका मोआगी. हत्तीला पाहून चालत आला, हळू, हात उघडे ठेवून. म्हणाला, "बाबा, अजिबात हलू नका." हे दात आवळून म्हणाले, "मी कुठे हलतोय! त्याला सांग!" तो हत्तीशी बोलत राहिला, घरातल्या म्हाताऱ्याची समजूत घालावी तसं, मधून मधून मांडीवर थाप मारत. हत्तीने तळाचं पाणी सुर्रकन ओढलं, एक मोठा उसासा सोडला (त्याचा वास मी लिहीत नाही) आणि निघून गेला. कोरड्या टबात तुझे मेव्हणे उरले. मोआगीने डोक्यावरची टोपी काढली, मान पूर्ण वळवली आणि टोपी टबात धरली. टोपीवर कॅम्पचं चित्र आहे, कमळाचं.

आता खरी गंमत ऐक. चहाच्या वेळेपर्यंत हे मोआगीवर बेहद्द खूश होते. डचांना, स्वयंपाक्याला, मला, सगळ्यांना सांगत होते की असा धीट पोरगा पाहिला नाही, याच्या बापाला भेटून हात मिळवला पाहिजे. बोनोलोला वाटलं, देवच बोलतोय. विमानाची वाट कशाला बघायची? केकची थाळी खाली ठेवून म्हणाली, "बाबा, त्याचे बाबाच तुम्हाला भेटायला यायचं म्हणतायत. काकांना घेऊन. माझ्यासाठी."

यांचा कप तोंडाशीच राहिला. मग म्हणाले, "नाही."

"का नाही? आत्ता तर..."

"आत्ता तो परका होता! परक्याने पाहिलं तर पाहिलं, उद्या विसरेल. जावई दर ईस्टरला समोर बसून जेवणार, आणि प्रत्येक घासाला मला तो टब आठवणार!"

मोआगी तिथेच उभा होता, किटली घेऊन. म्हणाला, "बाबा, शप्पथ सांगतो, मी काही पाहिलं नाही. मी हत्तीकडे बघत होतो."

"खोटारड्या! मग टोपी बरोबर तिथेच कशी धरलीस?"

मला हसू आवरेना, मी रुमाल तोंडात कोंबला. पण बोनोलो हसली नाही. तिने थाळी उचलली आणि आत गेली, आणि तिची पाठ पाहून मी रुमाल तोंडातून काढला. ही मुलगी दहावीत नापास झाली तेव्हाही रडली नव्हती. त्या संध्याकाळी भांडाराच्या बंद दारामागे ती रडत होती आणि बाहेर मोआगी किटली हातात घेऊन तसाच उभा होता. तिला हाक मारत नव्हता, दार वाजवत नव्हता, जातही नव्हता. यांनी ते पाहिलं. मी यांना ते पाहताना पाहिलं. परत येताना विमानात पायलटशेजारी बसले आणि माउन येईपर्यंत मान मागे वळवली नाही.

बाकी सगळं क्षेमकुशल. कोंबड्यांना, गाईला, वहिनीला (या क्रमाने नव्हे) माझा नमस्कार. देव तुला गुडघे देवो.

तुझी धाकटी,
बोनोलोची आई

ता. क. एक छोटंसं काम आहे. येत्या शनिवारी उजाडायच्या आत मोआगीचे काका आमच्या दारात येऊन बसणार आहेत, पाण्याचा भोपळा मागायला. हो, तोच भोपळा, जो मागितला की मुलगी मागितली. हे म्हणतात मी खोलीबाहेर येणार नाही. नाही तर नको येऊ देत, मुलीचा मामा तू आहेस, तुझ्या तोंडून होकार गेला की गेला. शुक्रवारच्या बसने ये. कोट घालून ये.

ता. क. २. आणि दादा, पाया पडते, त्या लोकांसमोर हसू नकोस. तुला हसू आलं की खोकला येतो, खोकला आला की तू कारण सांगतोस. हत्तीचा विषय कोणी काढलाच तर तो लांब होता म्हण.

ता. क. ३. पाकीट बंद करत होते तर हे आले. ट्रंकेतून लग्नातली काळी पँट काढून आणली, कंबरेत सैल करून दे म्हणाले, शनिवारच्या आत. मी विचारलं, कशाला? म्हणाले, मयतीला जायचंय. मी म्हटलं, कोण गेलं? पँट माझ्या मांडीवर टाकून म्हणाले, "जाईल कोणीतरी."