राहिलेली दुसरी सुई

२ मे १९७७
तांड्यावर गेले. उपकेंद्रापासून पायी दीड तास. खांद्याला थर्मास, त्यात बर्फ आणि धनुर्वाताची लस. गरोदर बायांना द्यायची. मला पाहताच गडी माणसं शेताच्या वाटेला लागली, बायांनी दारं लोटली. कुणी वाईट बोललं नाही. बोलले असते तर बरं.
गेल्या हिवाळ्यात नसबंदीची जीप इथं आली तेव्हा पुढच्या सीटवर मी होते. घरं मीच दाखवली. थावरूला नेलं. त्याला एकच पोरगी. कागदावर तीन लेकरं लिहिली, मी शेजारी उभी. आणीबाणी गेली, सरकार गेलं. नर्सबाई तीच.

११ मे
बाजार. थावरूच्या धाकट्या भावाची बायको चांदी आपल्या पायानं उपकेंद्रात आली. सातवा महिना, पहिलटकरीण, वय सतरा-अठरा. सासू बाजारात गुंतलेली. दार लावून घ्या म्हणाली.
"लेकरं बंद करायची ती सुई न्हाई ना ही?"
न्हाई म्हटलं.
"मंग दंड माझा आन् औषध पोटातल्याला कसं जातं?"
ट्रेनिंगमध्ये आम्ही कुणी हे विचारलं नव्हतं. जमेल तसं सांगितलं. ह्या औषधात धनुर्वाताचं विष असतं, पण जोर काढून घेतलेलं. ते पाहून तुझं रगत त्याच्यावरचा उतारा करायला शिकतं. पहिल्या सुईनं नुसती ओळख होते. दुसरीनं उतारा भरपूर तयार होतो, तोच नाळेतून लेकराला जातो. तू जेवतेस ते पोचतं तसा. लेकरू जन्मतं तेव्हा त्याचं स्वतःचं काही नसतं, आईचंच घेऊन येतं.
"म्हंजे दोन पायजेत."
"दोन. महिन्यानं ये."
दंडभर बांगड्या, सुईला जागा सापडेना. तिनंच चार वर सरकवल्या. डोळे मिटले नाहीत. सुईकडे बघत राहिली.

८ जून
चार आठवडे झाले. चांदी आली नाही. आज बाजारातही दिसली नाही.

१० जून
गेले. सासू रूपलीबाई दारात. मागे चांदी भाकरी थापत होती.
"पयली सुई दिली ते समजलं मला. दोन दिस दंड सुजला तिचा."
मी म्हटलं, दोन दिवस दुखतं, मग उतरतं.
"माझ्या थावरूला बी तुमी हेच सांगितलं होतं. दोन दिस दुखंल."
खरं होतं. शब्द माझेच.
चांदीचे हात थांबले होते. थर्मास घेऊन परत.

११ जून
डॉक्टरसाहेब म्हणाले, रजिस्टरला 'नकार' लिहा आणि पुढे चला. लिहिलं. शेजारी कारणाचा रकाना आहे. कोरा ठेवला.

२७ जून
परत गेले. सासू दारातून हलेना. निदान नवं ब्लेड आणि उकळलेला दोरा तरी ठेवा म्हटलं, नाळ याच्यानंच कापा, वर काही लावू नका. हातात घेतलं नाही. उंबऱ्यावर ठेवून आले.

१९ जुलै
चांदीला मुलगा. तीन दिवस झाले. तांड्यावरच्या एका बाईनं सांगितलं. लगेच निघाले, नाल्याला छातीभर पाणी. तासभर थांबून परत फिरले.

२२ जुलै
चांदीचा नवरा धापा टाकत आला. "बाई, लेकरू दूध ओढून न्हाई राहिलं. हात लावला की ताणतं."
तिथंच समजलं मला.
त्याच्यासोबत गेले. पाणी उतरलं होतं. लेकराचा जबडा मिटलेला, मुठी गच्च, ओठ ताणून हसल्यासारखे. बेंबीवर राख. नाळ विळ्यानं कापली होती. ब्लेडचं विचारलं नाही, आता विचारून काय. रूपलीबाई कोपऱ्यात. नांदेडला न्यावं लागंल म्हटलं तर ह्या वेळी अडवलं नाही. स्वतःच लुगड्याचा तुकडा फाडून लेकराला गुंडाळलं.
डोंगरकड्याच्या फाट्यावर एस.टी. मिळाली. गाडीनं धक्का खाल्ला की लेकरू चांदीच्या मांडीवर धनुष्यासारखं वाकायचं. ती दोन्ही हातांनी धरायची. कंडक्टर ड्रायव्हरला जाऊन काही बोलला, मग गाडी हळू.
उजेडानं झटके वाढतात म्हणून दवाखान्यात अंधाऱ्या खोलीत ठेवलं. तयार उताऱ्याची सुई दिली. विष एकदा आत बसलं की तिचा किती उपयोग होतो ते मला माहीत. चांदीला बोलले नाही.

२३ जुलै
सकाळी दहाच्या सुमारास गेलं. सात दिवसांचं. नाव ठेवायचं होतं अजून.
चांदी रडली नाही. दुधानं अंगातली कांचळी भिजून राहिली होती. म्हणाली, "एक तर घेतली होती ना मी, बाई."


३० जुलै
डोंगरकड्याला आईकडे. जेवताना सांगितलं. माझ्या आधीचे दोन भाऊ आठ दिवसांच्या आत गेले. लहानपणी विचारलं की सटवाईनं नेले म्हणायची. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून ते नाव घरात नाही, पण त्या दोघांचं दुसरं कारणही तिनं कधी सांगितलं नाही.
आज ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाली, "तोंडं मिटली होती. दोघांची बी."
ताट सारून उठली.

८ ऑगस्ट
नर्सबाईच्या सुईनंच पोरगं गेलं, असं तांड्यावर बोलून राहिलेत. शेजारच्या दोन गावांतही पोचलं. आज एकही बाई आली नाही. बर्फ वितळला. लस माघारी पाठवली. तांड्यावरची गोमली सातव्या महिन्यात आहे, तीही नाही.

१७ ऑगस्ट
रूपलीबाई उपकेंद्रात आल्या. एकट्या. बाकावर बसा म्हटलं तरी खालीच बसल्या.
"एक इचारते. खरं सांगा. दुसरी घेतली असती तर?"
नशिबावर ढकलता आलं असतं. त्यांना पटलंही असतं. पण मग उद्या गोमलीला कोणत्या तोंडानं सुई घे म्हणू?
"बहुतेक वाचलं असतं," म्हटलं.
"म्हंजे दारात मी उभी ऱ्हायले, ते..."
"तुमी काहून उभ्या होत्या ते माहीत आहे मला. जीपमधून घरं मी दाखवली. थावरूला एकच पोरगी, हेही माहीत होतं."
त्यांनी वर पाहिलं. त्यांना ठाऊकच असणार. तरी हे मी कुणापुढं पहिल्यांदाच बोलले.
उठताना म्हणाल्या, "गोमलीची सासू माझी बहीण हाय."
"घेऊन या गोमलीला."
"आणते म्हनत न्हाई मी. झालं ते सांगते बहिनीला. तिचं ती पाहील."
गेल्या. फाटकाशी जाईपर्यंत मी दारात उभी. चांदी कशी आहे, एवढंही विचारायचं राहून गेलं.