कुर्डुवाडीचं कारलं

प्रिय दिपू,
सप्रेम जय भीम.

पत्र बघून दचकू नकोस, आबा बरे आहेत. फोनवर हे बोलता येत नाही, कारण आपल्या दोन खोल्यांत आबांचे कान माझ्याकडंच असतात, आणि ऑफिसात चारचौघांत नको वाटतं. आणि व्हॉट्सॲपवर लांबलचक लिहिलं तर तू अंगठा दाखवून मोकळा होतोस. म्हणून सात रस्ता चौकातल्या माझ्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत लिहायला बसलेय. शेवटपर्यंत वाच.

मी वैतागलेय, दिपू. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, साखरेनं डावा डोळा अधू झाला तो झाला, आता उजवा तरी सांभाळा. तेव्हापासून आपल्या घरात जेवण म्हणजे रोजचं भांडण झालंय. आईचं कारलं आठवतं ना? चिंच-गुळात शिजलेलं, वर बोटभर तेलाचा तवंग. आबांना तेच पाहिजे. गूळ बंद केला तर म्हणाले, हे जेवण हाय का काढा. तेल कमी केलं तर ताट सरकवलं आणि मलाच ऐकवलं, तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कारलं कडू ते कडूच. मी म्हटलं, आबा, तूप आणि साखर दोन्ही बंद आहेत, तेव्हा तो प्रश्नच नाही. त्यावर आबा तसेच ताटावरून उठले. मग शेजारच्या सोनाबाईंना जाऊन सांगितलं, लेक उपाशी मारतीय. त्या माउलीनं वाटीभर शिरा खाऊ घातला. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी साखर दोनशे ऐंशी. मला रडूच आलं.

आणि तू. महिन्यातून एकदा येतोस, येताना इथल्याच नवी पेठेतून जिलेबी आणतोस. आबांचा चेहरा असा फुलतो की मला नाही म्हणवत नाही. तू संध्याकाळच्या गाडीनं परत जातोस, पोरगा जीव लावतो म्हणून आठवडाभर तुझं कौतुक चालतं. बोटाला सुई टोचणारी, डोळ्यात थेंब घालणारी, डबे कुलपात ठेवणारी मी मात्र घरातली फौजदार. तुझा लई राग येतो मला.

तरी हट्ट सोडला नाही. आता भाजी जमलीय. तुझ्या ऋतुजाला हे नीट वाचून दाखव. कारली कोवळी घ्यायची, वरचे काटे खरवडायचे नाहीत. बिया काढून पातळ चकत्या करायच्या, मीठ-हळद चोळून अर्धा तास ठेवायच्या. सुटलेलं पाणी निथळायचं, पण मुठीत पिळायचं नाही. मग वाफवायच्या. लोखंडी कढईत एकच चमचा तेल, ठेचलेला लसूण, भरपूर कांदा. कांदा तांबूस झाला की चकत्या टाकून कडा लाल होईपर्यंत परतायच्या, झाकण ठेवायचं नाही. काळं तिखट, दोन चमचे शेंगदाण्याचं कूट, चिंचेचं पाणी बेतानं. गूळ चिमूटभरसुद्धा नाही.

मागच्या महिन्यात तू ओळखीच्या रेल्वे गार्डबरोबर बोरं पाठवली होतीस ना, तुमच्या लग्नातल्या स्टीलच्या डब्यातून? त्यावर तुमची दोघांची नावं कोरलीत. एकदा घाईत मी माझं कारलं त्यातच काढून ठेवलं. आबांनी झाकणावरून बोट फिरवलं, नावं लागली, आणि म्हणाले, सुनंनं पाठवलंय व्हय. मी काही बोलायच्या आत दीड भाकरी संपली. गुळाचं नावसुद्धा निघालं नाही. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा माझी भाजी तुमच्या डब्यातून वाढतेय, गार्ड देऊन गेला म्हणून सांगते. काल साखर एकशे चाळीस होती. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते माझ्याच स्वयंपाकघरात बघायचं होतं.

आता पत्राचं कारण. येत्या रविवारी आबांना कुर्डुवाडीला तुमच्याकडं यायचंय, सुनेच्या हातचं गरम कारलं खायला. ऋतुजाला वर लिहिलीय तशीच भाजी करू दे, आणि दोघंही खरं बोलू नका. त्यांचा उजवा डोळा राहिला पाहिजे, नाव कुणाचं का होईना. जेवण झाल्यावर ते तिच्या डोक्यावर हात ठेवतील आणि मला म्हणतील, संघे, जरा शिकून घे की हिच्याकडनं. मी हो म्हणेन. त्यानंतर मी मोरीत भांडी घासायला गेले, तर थोडा वेळ कुणी मागं येऊ नका.

तुझीच, अजून रागात असलेली ताई,
संघप्रिया