गोष्टीत न लिहिलेलं

सोमवार, ९ तारीख
दुपारचे साडेतीन

ताई,

नमस्कार. दीड वर्षानंतर पत्र, तेही कामाचं, म्हणून तू आधी कपाळाला आठ्या घालशील. घाल, पण शेवटपर्यंत वाच. आम्ही तिघं ठीक आहोत. मनीला नऊ पूर्ण झाली, ढब्बूला सहावं संपत आलं. हे अजून बोटीवरच आहेत. इंजिनाचं काम लांबलंय, चार महिने तरी सुटका नाही. अक्षर वाकडं आलंय, कारण उजव्या हाताची दोन बोटं कापलीत. किरकोळ आहे.

विचारायचं ते असं. मुलं घरी शिकतात हे तुला पटलेलं नाही, पण वीस वर्षं पहिली ते चौथीला तूच शिकवते आहेस, तेव्हा दुसऱ्या कुणाला विचारू? वाचलेलं नीट समजतंय का, हे पाहायला मी तीन संच मागवलेत. पहिल्यात अर्ध्या पानाचा उतारा आणि खाली पाच प्रश्न. उत्तरं सगळी उताऱ्यातच, बोट ठेवून दाखवता येतील अशी. दुसऱ्यात प्रश्नच नाहीत. अख्खं पुस्तक वाचायचं आणि आपल्या शब्दांत सांगायचं. ढब्बूच्या तोंडून कुठलीही गोष्ट ऐक, तिच्यात उंदीर विमान चालवतो. पण सांगतो झकास. तिसऱ्या संचात गोष्टीत न लिहिलेलं विचारतात. ती अशी का वागली? तुला कशावरून वाटतं?

मला पहिला बरा वाटत होता. त्यात आडवळणाचं काही विचारत नाहीत.

खरं सांगायचं तर तोही मी जसाच्या तसा वापरत नाही. मुद्रितशोधनाच्या कामाने खाडाखोड हाताला सवयीची झालीय. उताऱ्यात बस आली, गर्दी आली, हरवलेलं मूल आलं, की मी काळ्या पेनाने ओळ खोडते. सुरुवातीला एखादीच खोडायची. आता काही पानांवर नुसते प्रश्न उरलेत.

शाळेची बस उलटली तेव्हा मनीचं खांद्याजवळचं हाड मोडलं आणि तिच्या शेजारी बसलेली मैत्रीण गेली, ते तू पाहिलं आहेस. मी दोघांना शाळेतून काढलं. तू म्हणालीस, "सहा महिने ठेव घरी, मग पाठव," आणि मी फोन आपटला. तो फोन अजून कपाटात बंद पडून आहे. मुलांना वाटतं, बिघडलाय. यांचे मेल येतात, त्यांना मी 'सगळं छान' एवढंच कळवते.

तुला माहीत नाही ते आता लिहिते. आमचं बाहेर जाणं आधी कमी झालं, मग थांबलं. सामानवाला दाराबाहेर पिशव्या ठेवून जातो. खिडक्यांना मी स्क्रू मारले. दाराला दुसरं कुलूप बसवलं. बेल वाजली की दोघं न सांगता पलंगाखाली जातात. ढब्बू स्वतःच्या तोंडावर हात ठेवतो.

गेल्या मंगळवारी तिसऱ्या संचातला एक उतारा माझ्या पेनातून निसटला आणि मनीच्या हाती लागला. एक मुलगी रोज फाटकापाशी येते, थोडा वेळ थांबते आणि परत फिरते. प्रश्न होता, ती बाहेर का जात नाही? मनीने लिहिलं, 'तिला भीती वाटत नाही. तिच्या आईला वाटते. पण मुलगी आईला सांगत नाही.'

मी त्यावर बरोबरची खूण केली नाही. वही मिटली आणि म्हटलं, "हा संच परत करू या." मनी बरं म्हणाली. ती हल्ली सगळ्यालाच बरं म्हणते.

शुक्रवारी दुपारी गॅसवर पातेलं ठेवलं आणि मला डोळा लागला. जाग आली ती खोकल्याने. पातेल्याचा कोळसा झाला होता, शेजारचं फडकं पेटलं होतं, सगळ्या खोल्यांत धूर. गॅस बंद केला, फडक्यावर पाणी ओतलं, पण धुराला बाहेर जायला वाटच नव्हती. कुलपाची किल्ली कुठे ठेवली ते आठवेना. शेवटी स्टूल उचलून खिडकीची काच फोडली. बोटं तेव्हा कापली.

मुलं पलंगाखाली होती. खोकत होती, पण तोंडात उशीचा अभ्रा कोंबून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

"हाक नाही का मारायची?" मी विचारलं. "भिंत बडवायची. शेजारच्या काकू आल्या असत्या."

मनी म्हणाली, "म्हणूनच नाही बडवली. त्या आल्या असत्या तर तू घाबरली असतीस."

माझी मुलं मला सांभाळायला धुरात पडून राहिली, ताई.

किल्ली नंतर पिठाच्या डब्यात सापडली, जादाच्या किल्ल्यांसकट. मीच ठेवली होती. आज सकाळी फुटक्या काचेवर पुठ्ठा लावला. लावून मागे सरले तेव्हा पाहिलं, पुठ्ठ्यावर मी आडवी फळी ठोकली होती. फळी कुठून आणली, खिळे कधी मारले, काही आठवत नाही. ढब्बू शेजारी उभा राहून मला एकेक खिळा देत होता म्हणे.

म्हणून घाईने लिहिते आहे. संच कोणता घ्यायचा ते तू इथे येऊन ठरव. पाकिटात दोन्ही कुलपांच्या जादा किल्ल्या घातल्या आहेत. बेल वाजवू नकोस, सरळ उघडून आत ये. मी हसेन, चहा टाकेन, म्हणेन की आता सगळं ठीक आहे, तू उगाच धावत आलीस. ऐकू नकोस. कदाचित भांडेनही. तरी आधी मुलांना घेऊन जा आणि मग माझ्यासाठी डॉक्टर बघ. यांनाही तूच कळव, माझ्याच्याने त्यांना खरं लिहवत नाही.

टपालपेटी कोपऱ्यावर आहे, रस्ता ओलांडावा लागत नाही. मनी एकटी जाणार आहे, कारण माझा पाय उंबऱ्यापुढे पडत नाही. तिला विचारलं, "जाशील?" तर तिने आधी माझ्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं आणि मग मान हलवली.

तू हे वाचते आहेस म्हणजे ती पेटीपर्यंत पोचली. ती परत आल्यावर मी दाराचं काय केलं असेल, ते आत्ता मला सांगता येत नाही.

या घटकेपुरती भानावर असलेली,
तुझी धाकटी