टाकीतले पाचशे लिटर

शनिवार, १७ जानेवारी १९८७

‘बाई, पोर्शन संपवा, चित्रं कसली काढताय?’ – हेडसरांचा टोमणा. चित्रं! आज नववीच्या आठ मुलींना पहिल्यांदा शिकवलं की साठा म्हणजे चौकोन, येणारं-जाणारं म्हणजे बाण, आणि दर अर्ध्या तासाने नवा हिशोब. कॉम्प्युटर नाही, चौकटीच्या वह्या तर आहेत! पोरींना समजतं, ह्यांना समजत नाही.

उदाहरण आमच्याच बिल्डिंगच्या गच्चीवरच्या टाकीचं घेतलं. पहाटे भरते, दहाला कोरडी. का? उद्या मुली पार्ल्यात येऊन बाराही बिऱ्हाडांत विचारणार – पाणी कशाला, किती वापरता.

रविवार, १८

माझ्या घरचा तक्ता त्या आठजणींतल्या राधाने भरला. आंघोळ, धुणी, भांडी, पिणं. मी चोख सांगितलं सगळं.

शनिवार, २४

जुळत नाही! हिशोबाने दहा वाजता टाकीत पाचशे लिटर उरायला हवं. राधा हट्टाला पेटली – ‘बाई, काहीतरी राहिलंय ना! परत विचारू या?’ वेळ कुठाय! म्हटलं, आणखी एक बाण काढ आणि त्यावर लिही, ‘इतर’. तक्ता झकास दिसत होता. हौसेने बिल्डिंगच्या बोर्डावर लावला.

मंगळवार, २७

डोकं फिरलंय माझं! सेक्रेटरी सामंत तक्त्यापुढे उभे राहून सगळ्यांना सांगतायत – ‘बघा, शाळेच्या पोरींनी गणितानं काढलंय. पाचशे लिटर चोरीला जातं!’ आणि चोर कोण? जिने धुणाऱ्या सोनूबाई. का, तर त्यांच्या हातात बादली असते!

पाचशे लिटर म्हणजे पंचवीस बादल्या. रोज पंचवीस बादल्या घेऊन ही बाई वाकोल्याला घरी जाते आणि एकालाही दिसत नाही? तसं विचारलं तर सामंत म्हणे, ‘मग ते इतर म्हणजे काय, तुम्हीच सांगा ना!’

बुधवार, २८

तक्ता फाडून टाकला. उशीर झाला, सोनूबाईंना कालच कामावरून काढलं. फाटकाशी भेटल्या. ‘बाई, तुमच्या त्या कागदावर माझं नाव होतं काय?’

नव्हतं हो! पण रिकामी जागा मीच ठेवली होती. राधा म्हणत होती तेव्हा परत विचारायला काय झालं होतं मला?

शुक्रवार, ३०

सामंतांशी पुन्हा भांडले. अख्ख्या बिल्डिंगला सुनावलं – लाज वाटत नाही, गरिबावर आळ घेताना!

रविवार, १ फेब्रुवारी

पहाटे पाणी आलं. रोजच्यासारखा हंडा, दोन कळश्या, छोटं पिंप मोरीत उपडं केलं – शिळं पाणी कोण पिणार! घासून पुन्हा भरायला घेतलं आणि हात थांबला. चाळीस लिटर तरी. शेजारी, वर, खाली, मोऱ्यांतून तोच आवाज.

राधाने ‘वापरता किती’ विचारलं होतं. ओतलेलं वापरात कोण धरतं! बारा बिऱ्हाडं. ते पाचशे लिटर रोज आम्हीच ओततोय, मी धरून.