पाणी सोडायची वेळ

सौंसर,
शुक्रवार, १६ जानेवारी २०२६

चि. डिंपल हीस,
बाबाचे अनेक आशीर्वाद.

तुझी मेल संक्रांतीच्या दिवशी पोचली. मी तिला पत्रच म्हणतो. उत्तरही आधी कागदावर लिहून राहिलो आहे, मग मोबाइलवर एका बोटाने उतरवीन. इकडे थंडी आहे, पण सोसवेल अशी. माझे गुडघे कुरकुरतात, बाकी मी ठीक. अंटार्क्टिकाकडच्या तुमच्या संशोधनाच्या जहाजावर दोन वेळचं गरम जेवण मिळतं हे वाचून बरं वाटलं. तुला तिथे सगळे डॉक्टर डिंपल म्हणतात, याचं आईला फार हसू आलं.

तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. महिनाअखेरीस जहाज केपटाउनला लागेल, तेव्हा उतरून घरी येऊ, की दुसऱ्या फेरीला जाऊन मार्चअखेरपर्यंत थांबू? आणि दुसरं, आई फोनवर का येत नाही?

उत्तरं देतो. आधी तुझ्या समुद्राबद्दल थोडं बोलू दे.

तू लिहिलंस, बर्फ फुटून पाण्यावर ऊन पडलं की नुसत्या डोळ्यांना न दिसणारी ती प्लवकं, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या इवल्या वनस्पती, अशी वाढतात की मैलोगणती समुद्र हिरवा होतो. वितळलेलं पाणी हलकं, ते वरच राहतं, म्हणून हिरवाही उजेडात राहतो. आणि हे सगळं दर वर्षी त्याच सुमाराला होईल असं नाही. कुठे बर्फ लवकर फुटतो, तिथे बहार लवकर. कुठे वारा पाणी घुसळत राहतो, तिथे उशीर. वाचता वाचता मी थेट आपल्या शाळेच्या व्हरांड्यात जाऊन पोचलो. दुसरीच्या मुलांसाठी मी रचलेलं ते गाणं आठवतं?

कळी म्हणाली पानाला, किती वाजले सांग,
पान म्हणाले, ऊन पडू दे, तेव्हाच येईल जाग.

स्नेहसंमेलनात पहिली ओळ म्हणून तू गप्प उभी राहिलीस. सगळं सभागृह पाहत होतं. मी मास्तर असून घामाघूम झालो. तेवढ्यात पडद्यामागून तुझ्या आईचा आवाज आला, हळू पण स्वच्छ, आणि तू दुसरी ओळ म्हणून मोकळी झालीस. तो आवाज म्हणजे रिकाम्या घागरीत पाणी पडावं तसा होता. आता मी काय लिहून राहिलो होतो?

हां, रामाकोन्याचा आपला संत्र्याचा बाग. आंबिया बहार धरायचा म्हणून दिवाळीनंतर झाडांना ताण दिला आहे. तू लहानपणी यावर रडायचीस, "बाबा, त्यांना तहान लागली असेल!" लागतेच. पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, झाडाने वाढणं थांबवून आतल्या आत जोर साठवायचा, आणि मग पाणी सोडलं की फांदीफांदीला फूल. पण पाणी नेमकं कधी सोडायचं, हे कळायला हवं. एका वर्षी मी ढगांची वाट पाहत बसलो आणि ताण लांबला. फूल आलं नाही, फांद्याच वाळल्या.

गुणवंता, आपला बाग पाहणारा, परवा येऊन म्हणाला, "मास्तर, अजून कायची वाट पाहून राहिले? पानं पाहा, सुकून पापड झाले. पानी सोडा आता."

मी म्हटलं, "सोडू, दोन दिवस जाऊ दे."

"दोन दिवस, दोन दिवस. तुमचं तं पंचांगच निराळं आहे बाप्पा!"

आई तिथेच बसली होती. ती हसली. बोलली काही नाही.

डिंपल, तुझी आई आजकाल बोलत नाही.

रागावलेली नाही. शेजारच्या छायावहिनी जामसांवलीच्या मारुतीचा प्रसाद घेऊन आल्या तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काहो मास्तर, बाईशी भांडले काय? विजया एक शब्द बोलूनच नाही राहिली." संक्रांतीला बायका आल्या. आईने प्रत्येकीच्या हातावर तिळगूळ ठेवला, आणि त्यासोबत जे म्हणायचं असतं ते म्हणाली नाही.

पावसाळ्यात तिचा आवाज बसला होता, तू ऐकला होतास. आपण सर्दी म्हटलं. सर्दी नव्हती. घशात गाठ आहे, वाईट आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी दिवाळीनंतर सांगितलं की स्वरयंत्रच काढावं लागेल. त्यानंतर ती जगेल, जेवेल, तुझ्यासाठी लोणचं घालेल, पण तिचा म्हणून जो आवाज आहे तो राहणार नाही. तुझी फेरी मार्चअखेरपर्यंत गेली तर तोवर थांबता येईल का, असं तिने विचारलं. डॉक्टर नाही म्हणाले. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख आहे, आणि ती पुढे ढकलायची नाही.

ते म्हणाले होते, कमी बोला. तुझ्या आईने बोलणंच बंद केलं. तुझी जुनी दगडी पाटी माळ्यावरून काढली, आणि त्या दिवसापासून ती पाटीवर लिहून राहिली आहे. मी विचारलं, एवढं कडक कशासाठी? तिने लिहिलं, "डिंपलसाठी ठेवलं आहे." मी म्हटलं, मग तिचा फोन येतो तेव्हा बोल की. पुसलं, पुन्हा लिहिलं, "तो फोन तुटतो. अर्धं बोलणं समुद्रात पडते. समोर आली की बोलीन."

आपल्याच बागेची रीत, पाहा. ताण दिला आहे तिने.

आणि आता तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी पाटी पुढे करून तिलाच विचारलं. तिने ठसठशीत अक्षरात लिहिलं, "थांब म्हणा. पोरीचं काम वर्षातून एकदाच फुलते." खाली पुन्हा, "माझं काही सांगू नका तिले." मी मान हलवली. काल रात्री या कागदावर "थांब" लिहूनही झालं होतं. ते खोडलं आहे.

कारण आज सकाळी गुणवंताने मला न विचारता मोटर सुरू केली. मी रागावून बागेत गेलो, तर आळ्यात पाणी भरून राहिलं होतं आणि तुझी आई एकटीच झाडाकडे तोंड करून उभी होती. मोटरच्या आवाजात तिला वाटलं, कोणी ऐकणार नाही. ती बोलून पाहत होती. आवाज आहे की गेला, ते पाहत होती. म्हणाली, "आली का डिंपे? आधी पाय धू." परत म्हणाली, "आली का डिंपे?" तिसऱ्यांदा तुझं नाव अर्ध्यावर राहिलं. ओठ हलले, बाहेर काही आलं नाही. तिने गळ्यावर हात ठेवला आणि पाण्याकडे पाहत राहिली. मी तसाच मागे फिरलो.

तू लिहिलंस की यंदा एके ठिकाणी बर्फ लवकर फुटला, समुद्र हिरवा होऊन ओसरलाही, आणि झिंग्यांसारखी ती क्रिलची पिल्लं नेहमीच्या वेळेला वर आली तेव्हा त्यांना खायला काही उरलं नव्हतं. त्यांची चूक काही नव्हती, असंही लिहिलंस. ती ओळ मी किती वेळा वाचली कोण जाणे.

तुझी आई थांब म्हणते. मी तिच्या शब्दाबाहेर कधी गेलो नाही, आज जातो. केपटाउनला उतर, पोरी. समुद्राला पुढच्या वर्षी पुन्हा बहार येईल, मागेपुढे का होईना. दारात आलीस की काही विचारू नकोस, रडू नकोस, तिला आधी बोलू दे. आणि ती सांगेल तसे पाय धू.

बागेत पाणी सोडून झालं आहे.

तुझी वाट पाहणारा,
बाबा