कमोडवरचा केक

प्रिय मुरिएल,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? तुमच्या हल शहराचा वारा वाईट, कान झाकून हिंडत जा. (फोनच करणार होते, पण आमच्या नवरोबांना, विल्फला, सगळं ऐकू जातं.)

गेल्या मंगळवारी काय झालं ते ऐक. नगरपालिकेच्या मिस प्रिचर्ड घरी येऊन गेल्या. म्हाताऱ्यांच्या देखभालीसाठी सरकारने दिलेला पैसा कुणावर खर्चायचा, हे त्या घरोघर बघून ठरवतात. म्हणजे रोज सकाळी विल्फला उठवून, आंघोळ घालून खुर्चीत बसवणारी आपली टेंडाय राहणार की जाणार, हे त्यांच्या हातात. शहाण्या बाईने अशा वेळी घर आहे तसं दाखवलं असतं. मी मात्र पाहुणी येणार म्हणून (आईची शिकवण, दुसरं काय!) पडदे धुतले, विल्फला टाय बांधून चहूबाजूंनी उशा ठासल्या आणि कमोडच्या खुर्चीवर कशिद्याचा टेबलक्लॉथ टाकून वर लिंबाचा केक मांडला. बाईंनी दोन तुकडे खाल्ले. आमची दैना दिसली तर विल्फला वृद्धाश्रमात नेतील, ही धाकधूक होतीच. म्हणून त्यांनी विचारलं, "यांना उठवायला जड जात असेल ना हो?" तर मी म्हटलं, "छे हो, चाललंय आमचं!" विल्फही म्हणाला, "कुरकुर कशाला करायची?" आणि हसता हसता डावीकडे कलंडू लागला. मी त्याला खांद्याचा टेकू देऊन हवापाण्यावर बोलत राहिले.

"किती छान सांभाळता हो तुम्ही!" बाई म्हणाल्या. यंदाचा पैसा आधी इस्पितळातून घरी सोडलेल्यांसाठी आहे, तेव्हा टेंडाय सोमवारपासून तिकडे जाईल. यावर मी त्यांचे आभार मानले आणि उरलेला केकही बांधून दिला. आज तो सोमवार उजाडलाय. मुरिएल, मला फार भीती वाटते गं.

तुझी,
ईनिड

ता. क. खरं तर पत्र एवढ्याचसाठी: गुरुवारी बाई पुन्हा यायला तयार झाल्यात. तू ये, मला स्वयंपाकघरात कोंड आणि त्यांना खरं काय ते सांग. माझ्या तोंडून ते निघायचं नाही.

आणखी एक. विल्फ म्हणतो, मुरिएलला कशाला त्रास, आपलं आपण निभावू. हे तो गालिच्यावर पडून म्हणतोय. उठवता उठवता आम्ही दोघंही खाली आलो. मी कशीबशी उठले, तो काही माझ्याने उचलवत नाही. रुग्णवाहिकेला फोन केलाय, वेळ लागेल म्हणाले. आणि तरी, मेली मी, येणाऱ्या लोकांसाठी चांगले कप काढून पुसून ठेवलेत.